अस्वस्थ मनासमोर योग शिकवताना : नव्या शिक्षकांसाठी

‘डोळे मिटा, शांत बसा, मन रिकामं करा.’ योगवर्गात रोज सकाळी हे वाक्य कानावर पडतं. महिनोन्‌महिने झोप नीट न लागलेल्या, रात्री दोन वाजता छातीत धडधडून उठणाऱ्या माणसाला यापेक्षा अवघड काम सांगता येणार नाही. डोळे मिटले की त्याला स्वतःचे ठोके जास्त ऐकू येतात, डोक्यातलं चक्र आणखी वेगानं फिरतं आणि पाच मिनिटांत त्याची खात्री पटते, की आपल्याला साधं बसणंसुद्धा जमत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून तो यायचा बंद होतो. चिंता, नैराश्य, पॅनिक अटॅक किंवा व्यसनमुक्तीनंतरचे नाजूक महिने, अशा अवस्थेतल्या माणसांना योग शिकवायचा असेल तर आधी शरीर, मग श्वास सोडणं आणि अगदी शेवटी ध्यान, हा क्रम पक्का धरा. बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

हा क्रम नवा नाही. पतंजलींनी योगसूत्रांत चित्तविक्षेपाबरोबर, म्हणजे मन विचलित झालं की, येणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत : दुःख, दौर्मनस्य (मनाची खिन्नता), अंगमेजयत्व आणि श्वास-प्रश्वास. चारातल्या दोन सरळ शरीराच्या आहेत. अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वास. समोर बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललं आहे ते आपल्याला दिसत नाही, पण त्याचा हलणारा पाय, आवळलेला जबडा आणि गळ्यापाशी अडकलेला श्वास दिसतो. शिक्षकाचं काम तिथून सुरू होतं.

आता तयारीविषयी. २०० तासांचा कोर्स केला की आसनं शिकवता येतात, मानसिक आजाराच्या माणसाला हाताळता येत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळानं योगशिक्षक आणि योगथेरपिस्ट यांच्या परीक्षा वेगळ्या ठेवल्या आहेत, त्यामागचं कारण हेच. महाराष्ट्रात शिकायला जागांची वाण नाही. सांताक्रूझची ‘द योग इन्स्टिट्यूट’ १९१८ सालची, लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ सालचं. कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी तिथे योगक्रियांचा शरीरावरचा परिणाम प्रयोगशाळेत तपासला. नव्या माणसानं हा वारसा लक्षात ठेवावा : दावा करण्याआधी मोजायचं. कोर्स झाल्यावर निदान वर्ष-दोन वर्षं साध्या वर्गाला शिकवा. नंतर एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा व्यसनमुक्ती केंद्रात मदतनीस म्हणून बसा. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रात योग रोजच्या दिनक्रमाचा भाग असतो. समुपदेशक, डॉक्टर आणि योगशिक्षक एकाच माणसाकडे तीन बाजूंनी कसे पाहतात, ते पुस्तकातून कळत नाही.

पहिल्या भेटीला आसन शिकवू नका. अर्धा तास फक्त बोला, तेही वर्गाबाहेर, इतरांच्या कानाआड. झोप किती तास लागते, जेवण होतं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, त्या कधी घेता, शेवटचा अटॅक कधी आला, रक्तदाब, काचबिंदू, फिट्स, हर्निया, गरोदरपण, पूर्वीची ऑपरेशनं. गोळ्यांची नावं तोंडी विचारू नका, डॉक्टरांची चिठ्ठी पाहा. मागच्या महिन्यात जीव नकोसा वाटला का, हेही सरळ विचारा. विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरतो ही भीती चुकीची आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. उत्तर ‘हो’ आलं तर कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका. घरच्या एका माणसाला आणि त्यांच्या डॉक्टरांना कळवायचं, हे त्यांच्यासमोरच ठरवा. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा केंद्र सरकारचा नंबर चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. तो वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा.

गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण गंभीर चुका इथे होतात. ‘योग सुरू केला, आता गोळ्या सोडा’ असं आपण कधीही म्हणायचं नाही, आणि विद्यार्थी स्वतः म्हणाला तरी मान डोलवायची नाही. नैराश्याच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर चक्कर, मळमळ, झोपमोड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं हे त्रास होऊ शकतात आणि मूळ आजारही उलटू शकतो. बंद करायच्या असतील तर डॉक्टर हळूहळू कमी करतात. मानसोपचारातल्या बऱ्याच गोळ्यांनी उठताना रक्तदाब घसरतो. म्हणून पादहस्तासनातून, म्हणजे उभं राहून पुढे वाकल्यावर, झटकन वर येणं टाळा. गुडघे वाकवून, हात मांड्यांवर टेकवत, डोकं सगळ्यात शेवटी वर. झोपून उठताना आधी कुशीवर, मग दोन श्वास थांबून बसणं. काही गोळ्यांनी पायांत अशी तगमग होते की माणूस दोन मिनिटं एका जागी बसू शकत नाही. त्याला शिस्त लावू नका, उभं राहून करू द्या, आणि डॉक्टरांना ही तगमग सांगायला लावा, कारण त्यावर इलाज असतो. लिथियम हे मनाची चढ-उतार आवरणारं औषध घेणाऱ्यांची गोष्ट फार महत्त्वाची. शरीरातलं पाणी आणि मीठ यांचा तोल बिघडला की रक्तात लिथियमचं प्रमाण धोकादायक पातळीला जाऊ शकतं. त्यांना शंखप्रक्षालन (मिठाचं पाणी पिऊन आतडी धुण्याची क्रिया) नाही, कडक उपास नाही, बंद खोलीत घाम गाळणारे सूर्यनमस्कार नाहीत. ‘शुद्धिक्रिया सगळ्यांनाच चांगली’ असं म्हणणाऱ्या शिक्षकानं या एका औषधाची तरी माहिती करून घ्यावी.

प्रत्यक्ष वर्ग ४५ मिनिटांचा ठेवा, एका वेळी सहा-आठ माणसं. पहिली २० मिनिटं उभं राहून हालचाल : ताडासन, श्वास घेत हात वर, सोडत खाली, कटिचक्रासन, भिंतीला हात टेकून पाठ ताणणं. नैराश्यातल्या माणसाला सुरुवातीलाच शवासनात झोपवलं तर तो पुन्हा त्याच अंथरुणात गेल्यासारखा होतो. त्याला आधी उभं करायचं. उलट चिंतेनं पेटलेल्या माणसाला हालचालीतून अंगातला ताण आधी बाहेर टाकू द्यायचा, मगच बसवायचं. दोघांना सुरुवात एकच, कारणं वेगळी.

यानंतर आठ-दहा मिनिटं श्वास. इथे घाई करू नका.

खुर्चीवर किंवा भिंतीला पाठ टेकून बसवा. तळवे जमिनीला, नजर चार फुटांवर जमिनीवर. ‘दीर्घ श्वास घ्या’ हे शब्द उच्चारू नका. घाबरलेला माणूस ते ऐकून छाती फुगवून जोरजोरात श्वास ओढतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. हीच लक्षणं त्याला अटॅकची म्हणून माहीत असतात. तो आणखी घाबरतो. म्हणून सांगायचं ते एवढंच : ‘श्वास आपोआप येऊ द्या, सोडताना मात्र सावकाश सोडा.’ पहिला आठवडा ३ अंक घेताना, ४ अंक सोडताना, एक अंक म्हणजे साधारण एक सेकंद. जमलं की ३ आणि ५. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ४ आणि ६, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. विश्रांतीत मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास होतात, तेव्हा सहा हा मोठा बदल आहे. तिथे उडी मारून पोचता येत नाही. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, निदान पहिले तीन महिने नाही. बरोबर चाललं आहे हे कसं ओळखायचं? खांदे खाली येतात, गिळण्याची हालचाल दिसते, एखादी जांभई येते. चुकत असेल तर मान पुढे येते, नाकपुड्या फुलतात आणि सहाव्या अंकानंतर पुढचा श्वास हापकत आत येतो. असं दिसलं की लगेच एक अंक कमी करा.

कपालभाती आणि भस्त्रिका या जोरकस, वेगवान श्वासाच्या क्रियांची आपल्याकडे इतकी हवा आहे, की विद्यार्थी स्वतःहून मागतात. पॅनिकचा त्रास असणाऱ्याला, फिट्स येणाऱ्याला आणि ज्याला उन्मादाचा, म्हणजे मेनियाचा इतिहास आहे त्याला त्या देऊ नका. भ्रामरी चांगली, कारण गुंजन करताना श्वास आपोआप लांबतो. पाच आवर्तनं पुरतात. पण कान-डोळे बोटांनी दाबून करायची सक्ती नको, काहींना त्यानं कोंडल्यासारखं होतं. हात मांडीवर, ओठ अलगद मिटलेले, दातांमध्ये थोडी फट. गुंजन नाकाच्या मुळाशी आणि ओठांवर जाणवलं पाहिजे, घशातून जोर लावायचा नाही.

मग विश्रांती, पाच मिनिटं, दहा नाही. दिवे मालवू नका, दार आतून लावू नका. अत्याचार, अपघात किंवा हिंसा सोसलेल्या माणसाला अनोळखी खोलीत उताणं, डोळे मिटून पडणं हाच धोका वाटू शकतो. त्याला कुशीवर झोपू द्या, गुडघ्यांमध्ये उशी द्या, किंवा भिंतीला टेकून बसू द्या. पडलेल्यांच्या मागून फिरू नका, एका जागी बसा आणि बोलत राहा, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते त्यांना कळतं. आसन सुधारायला हात लावायचा नाही. ‘काकू, डावा खांदा थोडा मागे घेऊन बघता का?’ असं शब्दांनी सांगा, आणि त्यांनी नाही म्हटलं तर विषय संपवा. ‘जमेल तेवढंच, नको वाटलं तर थांबा’ हे वर्गात दहा वेळा म्हटलं तरी जास्त होत नाही. ज्यांच्या आयुष्यात त्यांचं ‘नको’ कुणी ऐकलं नाही, त्यांच्यासाठी हा सरावाचा गाभा आहे.

ध्यान चौथ्या-पाचव्या आठवड्यात, तेही तीन मिनिटांनी सुरू. नजर खाली, अर्धवट उघडी. लक्ष द्यायला बाहेरची वस्तू : खिडकीतून येणारे आवाज, तळव्याखालचा गारवा, हातात धरलेली सुपारी. छातीतल्या संवेदनांकडे लक्ष द्यायला चिंताग्रस्त माणसाला लगेच सांगू नका, तो तिथेच पहारा देत बसतो. मन भटकलं की ‘भटकलं’ एवढं म्हणून परत यायचं. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा, पंधरा मिनिटांपुढे जायची घाई नाही. उत्साहानं कुणी थेट इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचं नाव काढतं. त्या साधनेचा आदर ठेवूनच सांगा, की पहाटे चारपासून दिवसाचे दहा तास मौनात बसणं हा या अवस्थेत पहिला टप्पा होऊ शकत नाही. अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, ते लपवून जाऊ नका म्हणावं. भास होणाऱ्या किंवा नुकत्याच भासांतून बाहेर आलेल्या माणसाला लांब ध्यान, योगनिद्रा काहीच नको. डॉक्टरांच्या संमतीनं फक्त हालचाल आणि साधा श्वास.

वर्गात कुणाला अटॅक आला तर सगळ्यांनी गोळा व्हायचं नाही. भिंतीशी बसवा, डोळे उघडे, पाय जमिनीला घट्ट. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायला सांगा, त्यांच्याबरोबर तुम्हीही सावकाश श्वास सोडा. लाट सहसा दहा मिनिटांच्या आसपास ओसरू लागते. मात्र पहिल्यांदाच होत असेल, छातीत कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम येत असेल, तर त्याला पॅनिक समजून श्वास मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. दुसरी धोक्याची खूण नवे शिक्षक चुकवतात, कारण ती चांगली दिसते. विद्यार्थी एकदम तेजस्वी होतो, तीन तासांच्या झोपेवर ताजातवाना असतो, भरभर बोलतो, ‘सगळं उमगलं’ म्हणतो. बायपोलर आजारात, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजारात, ही उन्मादाची सुरुवात असू शकते. कौतुक थांबवा, सराव कमी करा, त्याच दिवशी घरच्यांशी बोला.

प्रगती डोळ्यांच्या अंदाजानं ठरवू नका. पीएचक्यू-९ ही नैराश्य जोखणारी नऊ प्रश्नांची यादी मराठीत मिळते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण ० ते २७. दर चार आठवड्यांनी भरून घ्या आणि डॉक्टरांकडे पाठवा, आजाराचं निदान त्यांना करू द्या. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. एकूण गुण कमी असले तरी तिथे शून्य सोडून काहीही आलं तर त्याच भेटीत बोलायचं. सोबत साधी वही ठेवा : झोप किती, घरी सराव किती मिनिटं, आज काय नको वाटलं. शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी पडतो. घरचा सराव दहा मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका, आणि तो सकाळच्या चहाला किंवा आंघोळीला जोडून द्या, नुसता ‘वेळ मिळेल तेव्हा’ दिला तर होत नाही. आठ ते बारा आठवडे हा फरक जोखायचा वाजवी काळ आहे. बारा आठवड्यांनी काहीच हललं नाही, तर तसं स्वच्छ सांगून उपचार करणाऱ्यांकडे परत पाठवा.

विद्यार्थी दोन वर्ग आला नाही तर तिसऱ्या दिवशी फोन करा. ‘का आला नाहीत?’ असं विचारू नका, त्यानं तो आधीच ओशाळलेला माणूस आणखी मागे सरतो. ‘गुरुवारी सहा वाजता तुमची चटई भिंतीजवळ घालून ठेवतो, नुसतं येऊन बसलात तरी चालेल,’ एवढं म्हणा. आणि गुरुवारी ती चटई खरंच घालून ठेवा.