उन्हाळ्यात खाऱ्या पाण्यात गरवताना: प्रवाह, वेळ आणि गळ

उन्हाळ्यात उष्ण किनाऱ्यावर गळ टाकून बसणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. पाणी निवळ असते, मासे डोळ्यांना दिसत असतात, आमिषही ताजे असते, आणि तरीही तासन्‌तास कोणी त्याला तोंड लावत नाही. अशा वेळी आमिष बदलण्याकडे किंवा महागडी काठी घेण्याकडे मन वळते. खरे कारण मात्र बहुतेकदा पाण्यातच असते. ३५ ग्रॅम प्रतिकिलो क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यात २० अंश सेल्सिअस तापमानाला प्रतिलिटर सुमारे ७.४ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तेच पाणी ३० अंशांपर्यंत तापले की हे प्रमाण सुमारे ६.२ मिलिग्रॅमवर येते. माशाचे रक्त पाण्याबरोबर तापते आणि निवते. त्यामुळे पाणी १० अंशांनी तापले की त्याच्या शरीराची प्राणवायूची गरज साधारण दुपटीच्या घरात जाते. गरज वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशा अवस्थेत मासा भुकेला असूनही विनाकारण धावत नाही. तो हलत्या, खेळत्या आणि त्यातल्या त्यात थंड पाण्याच्या कडेला उभा राहतो आणि प्रवाह जे तोंडापाशी आणून देईल ते घेतो. उन्हाळ्यात म्हणूनच आमिषाच्या आधी प्रवाह शोधावा, असे माझे ठाम मत आहे.

असे पाणी किनाऱ्यावर काही ठरावीक ठिकाणी मिळते. खाडीच्या मुखाशी, जिथे वाहते पाणी आणि शांत पाणी एकमेकांना घासते, तिथे पृष्ठभागावर एक रेघ स्पष्ट दिसते. फेस, पालापाचोळा आणि लहान मासळी त्या रेघेवर जमते आणि मोठा मासा तिच्या शांत बाजूला दबा धरून असतो. कांदळवनातून बाहेर येणाऱ्या लहान नाळी ओहोटीला कोळंबी आणि पिल्ले ओतत असतात. कातळावर आदळून पांढरे होणाऱ्या पाण्यात हवा मिसळते, म्हणून भर उन्हाळ्यातही तिथे मासे सापडतात. वाळूच्या किनाऱ्यावर लाटा जिथे फुटत नाहीत आणि पाण्याचा रंग गडद दिसतो तिथे खोल चर असतो. पूर्ण ताकदीने लांब फेकण्याची हौस अनेकांना असते, पण असा चर पुष्कळदा किनाऱ्यापासून १५-२० मीटरवरच असतो आणि आमिष त्याच्या पलीकडे जाऊन पडते. धक्क्याच्या खांबांची सावलीही सोडू नये. या सर्व ठिकाणी आमिष प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकावे आणि पाण्याबरोबर खाली येऊ द्यावे, कारण मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि प्रवाहाविरुद्ध चढत येणारी कोळंबी त्याने सहसा पाहिलेली नसते.

वेळेचा हिशेब भरती-ओहोटीपासून सुरू करावा. ज्या किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते तिथे दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, आणि त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पाणी चढते किंवा उतरते ते समान वेगाने नव्हे. एकूण चढाचे १२ भाग केले, तर पहिल्या तासात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १ भाग पाणी सरकते, असा ढोबळ हिशेब दर्यावर्दी लोक धरतात. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांत हलते. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाणाच्या वेळी, हे मधले तास इतके जोरकस असतात की दोरीला बांधलेले शिशाचे वजन तळाशी टिकत नाही. तेव्हा सुरुवातीचे आणि शेवटचे तास निवडावेत. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते आणि ओढ मुळातच मंद असते, तेव्हा मात्र मधल्याच तासांवर भर द्यावा.

उन्हाळ्यात या हिशेबाला आणखी एक पदर आहे आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दुपारच्या ओहोटीला खाडीतून जे पाणी बाहेर येते ते तापलेल्या चिखलावर आणि उथळ खाजणात काही तास उन्हात पडून राहिलेले असते. ते गरम आणि प्राणवायूला दुबळे असते. दुपारची भरती याउलट मोकळ्या समुद्राचे तुलनेने थंड पाणी आत आणते. रात्री उथळ पाणी निवते, त्यामुळे पहाटेच्या ओहोटीला हा दोष राहत नाही. म्हणून दिवसा जायचेच असेल तर चढत्या पाण्यावर जावे, आणि पहाटे जाता येत असेल तर उतरत्या पाण्यावर खाडीचे मुख गाठावे. पहाट सर्वत्र उत्तम असते, हा समजही तपासून घ्यायला हवा. बंदिस्त, शेवाळाने भरलेल्या पाण्यात वनस्पती रात्रभर प्राणवायू वापरतात आणि उजाडण्याच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. अशा जागी पहाटे उठून जाण्याचा काही उपयोग होत नाही.

वाऱ्याचा क्रम उन्हाळ्यात बऱ्यापैकी भरवशाचा असतो. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि दुपारच्या सुमारास समुद्राकडून वारा सुटतो. रात्री जमीन निवली की तो उलटतो. सकाळचे शांत पाणी होडीला आणि पृष्ठभागावरच्या आमिषाला सोयीचे असते. दुपारचा वारा फेक अवघड करतो, पण पाणी ढवळतो आणि लहान मासळी किनाऱ्याकडे लोटतो, त्यामुळे पुळणीवरून गरवणाऱ्याने त्याला कंटाळून घरी परतू नये.

साहित्यात निवळ पाण्याचा विचार करावा लागतो. मुख्य दोरी विणलेली असेल तर पुढे फ्लुरोकार्बन या प्लॅस्टिकच्या धाग्याचा एक-दीड मीटर लीडर, म्हणजे गळाजवळचा दोरीचा तुकडा, बांधावा. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे १.३३, फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२ आणि साध्या नायलॉनच्या तंगुसाचा त्याहून बराच अधिक असल्यामुळे फ्लुरोकार्बन पाण्यात कमी उठून दिसतो, आणि कातळावर घासला तरी लवकर तुटत नाही. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी, कारण कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि तिथेच दोरी कमजोर होते. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ज्या ओढीला रीळ दोरी सोडू लागते ती ओढ, दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या दरम्यान ठेवावा. ध्रुवीकृत काचेचा चष्मा चैन म्हणून वापरला जातो असे काहींना वाटते. मला तो काठीइतकाच गरजेचा वाटतो, कारण चर, खडक आणि माशांची सावली त्याच्याशिवाय चकाकीत दिसतच नाही.

जिवंत आमिषाला उन्हाळ्यात तोड नाही, मात्र ते जिवंत ठेवणे हेच मोठे काम असते. बादली सावलीत ठेवावी, तीत मोजकीच कोळंबी किंवा बोय हे लहान मासे ठेवावेत, आणि पाणी थोडे थोडे करून वारंवार बदलावे. कोळंबीला गळ डोक्यावरच्या काटेरी सोंडेच्या मुळाशी, आतल्या काळ्या ठिपक्याला न दुखवता ओवला तर ती बराच वेळ पोहत राहते. लहान बोय प्रवाहात सोडायचा असेल तर त्याच्या ओठांतून गळ घालावा, आणि शांत पाण्यात पाठीवरच्या पराजवळ कातडीतून घालावा. अशा आमिषासाठी सर्कल हुक वापरावा. त्याचे टोक आत वळलेले असल्यामुळे मासा आमिष घेऊन वळला की गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो आणि पोटात जात नाही. एवढेच पथ्य पाळायचे की झटका मारायचा नाही. दोरी ताठ होऊ द्यायची आणि मग शांतपणे गुंडाळायला लागायचे. जुन्या सवयीच्या हाताला हे शिकायला वेळ लागतो.

कृत्रिम आमिष वापरणाऱ्याने उजाडताना आणि मावळताना पृष्ठभागावरचे, आणि ऊन चढल्यावर तळाशी उतरणारे जिग (वजन जडवलेला गळ) किंवा मऊ प्लॅस्टिकचे आमिष निवडावे. रात्री धक्क्यावरच्या दिव्यांखाली लहान मासळी उजेडात फिरते आणि शिकारी मासा उजेड-सावलीच्या सीमेवर अंधारात थांबतो. आमिष उजेडातून अंधाराकडे जाईल असे ओढावे.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. गरम पाण्यात दमलेला मासा सावरणे कठीण असते. बारीक दोरीवर मोठा मासा अर्धा तास खेळवण्यात कौशल्य मानले जाते, पण असा मासा सोडल्यावर पोहत गेला तरी नंतर मरू शकतो. म्हणून उन्हाळ्यात साहित्य एक पायरी जाड घ्यावे आणि मासा लवकर काठाशी आणावा. सोडायचा असेल तर हात ओले करावेत, कल्ल्यांत बोटे घालू नयेत, तापलेल्या खडकावर किंवा होडीच्या फळीवर त्याला टेकवू नये, आणि शक्यतो पाण्यातच गळ काढावा. गळ खोल गेला असेल तर ओढाओढ न करता दोरी गळाजवळ कापावी. मग माशाचे तोंड प्रवाहाकडे धरून ठेवावे आणि तो स्वतः हातातून निघेपर्यंत वाट पाहावी. अनेक जातींचा विणीचा काळ उष्ण महिन्यांतच येतो, तेव्हा त्या किनाऱ्यावरचे बंदीचे दिवस आणि लांबीची मर्यादा आधी माहीत करून घेणे हेही गरवणाऱ्याचे कर्तव्य आहे.

खाण्यासाठी ठेवायचा मासा ताबडतोब मारावा, त्याचे रक्त काढावे आणि दोन भाग बर्फ व एक भाग समुद्राचे पाणी यांच्या मिश्रणात बुडवावा. नुसत्या बर्फावर ठेवण्यापेक्षा तो यात कितीतरी लवकर गार होतो. बांगडा आणि कुपा यांसारख्या माशांच्या बाबतीत ही घाई अत्यावश्यक आहे. ते उन्हात राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही.

स्वतःची काळजीही तितक्याच शिस्तीने घ्यावी. उथळ वाळूत पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावे, म्हणजे वाळूत दडलेला पाकट, हा शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, आधीच सरकतो. त्याचा काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यात ठेवल्याने वेदना कमी होते, आणि त्यानंतर डॉक्टरांकडे जावेच. शिंगाळ्याच्या काट्यालाही हाच उपाय आहे. कोमट, निमखाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू वाढतात, म्हणून उघड्या जखमेनिशी पाण्यात उतरू नये. यकृताचा आजार असलेल्यांनी तर हा धोका अजिबात पत्करू नये. कातळावर बसण्यापूर्वी १५-२० मिनिटे लाटा पाहाव्यात, कारण मोठी लाट बऱ्याच वेळाने एखादीच येते. उन्हाळी दुपारी ढग दाटले आणि वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे असे समजावे. ग्राफाइटची काठी विजेची उत्तम वाहक असते. ती लगेच खाली ठेवावी, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे उलटल्याशिवाय पाण्याकडे परतू नये, मग भरती कितीही चांगली चढत असली तरी.