बेळगावात राहून सिम्पायच्या क्वांटम कोडला हात लावणाऱ्यांसाठी

सांगली, सातारा, कोल्हापूरकडून नोकरीला किंवा शिकायला बेळगावला आलेली आणि संध्याकाळी सिम्पाय या मुक्त सॉफ्टवेअरच्या कामाला हातभार लावू बघणारी मुलं मला भेटत असतात. मीही बाहेरूनच आलो, आता इथलाच झालो. त्यांना तोंडी सांगतो तेच इथे लिहितोय.

राहण्याचं आधी. कॉलेज उद्यमबाग किंवा मच्छेकडे असेल तर खोली तिसऱ्या रेल्वे गेटच्या आसपास बघा. शहापूर, वडगाव, अनगोळात मराठीवर सगळं निभतं. तरी कन्नड अक्षरं पहिल्या महिन्यातच गिरवा. बसच्या पाट्या आणि सरकारी कागद वाचता यायला हवेत. सीमाप्रश्नावर आल्या आल्या मत मांडू नका. इथल्या घराघरांनी तो सोसलाय, आधी त्यांचं ऐका.

आता कोड. सिम्पाय ही पायथन भाषेतली मुक्त स्रोत लायब्ररी (तयार कोडचा संच) आकडे नाही, बीजगणितातली चिन्हं हाताळते. तिच्यातला क्वांटम विभाग २०१० च्या सुमारास ब्रायन ग्रेंजर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उभा केला. भौतिकशास्त्र आवडणाऱ्याला तो लगेच ओढून घेतो, आणि तिथेच घाई होते. फाइल लांबलचक दिसली, विशेषतः स्पिनची (कणाच्या अंगभूत कोनीय संवेगाची), की तोडून नीट लावावीशी वाटते. थांबा.

इथे सगळं क्रमावर उभं आहे. स्थान आणि संवेग यांच्या गुणाकारात क्रम उलटा केला, तर दोन्हींतला फरक शून्य येत नाही, आय गुणिले एच-बार येतो (आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, एच-बार म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय). डॅगर (पंक्ती-स्तंभ उलटून संमिश्र संयुग्मी) घेतला की घटकांचा क्रम उलटतो. केट म्हणजे अवस्था दाखवणारा सदिश, ब्रा म्हणजे त्याचा डॅगर. ब्रा आधी आणि केट नंतर आला तर एक संख्या मिळते. केट आधी आला तर ऑपरेटर, म्हणजे अवस्थेवर क्रिया करणारी राशी. पायथन मात्र गुणाकार डावीकडून एकेक जोडी घेत करतो. पूर्वी अशा ब्रा-केट जोड्या ओळखण्याचं काम प्रत्येक क्लासच्या गुणाकाराच्या मेथडमध्ये विखुरलेलं होतं. त्यामुळे ब्राच्या आधी एखादं साधं चिन्ह आलं, की ते दोघं मिळून आधी एक गुणाकार बनत आणि पुढचा केट आला तरी आंतरगुणाकार (ब्रा-केटमधून मिळणारी ती संख्या) ओळखला जात नसे. २०२५ च्या १.१४ आवृत्तीत हे बदललं: आधी पूर्ण गुणाकार बांधायचा, मग शेजारी शेजारी आलेल्या घटकांचे प्रकार बघून एकाच ठिकाणी रूपांतर करायचं. रिफॅक्टरिंग, म्हणजे कोडची मांडणी सुधारणं, कसं असावं हे शिकायचं असेल तर हाच बदल ओळीओळीने वाचा. माझ्या मते कुठल्याही कोर्सपेक्षा तो जास्त शिकवतो.

मग हात लावायचा तो टेस्टला, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या छोट्या कोडला. क्वांटम फोल्डरपुरत्याच टेस्ट आणि डॉक्टेस्ट (दस्तऐवजातली उदाहरणं चालवून बघणाऱ्या टेस्ट) आधी चालवा, आणि जी वागणूक कुठल्याच टेस्टमध्ये नाही तिच्यासाठी नवी टेस्ट लिहा. कम्युटेटर (एबी उणे बीए) आपल्या दोन घटकांना ठरलेल्या क्रमाने लावून घेतो आणि गरज पडल्यास बाहेर उणे चिन्ह काढतो. छापलेलं उत्तर वेगळं दिसलं म्हणून ते चुकलं असं धरू नका, दोन्ही बाजू उलगडून ताडून बघा. नाव बदलणं, फाइल हलवणं आणि वागणूक बदलणं या तीन गोष्टी एका पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल मूळ कोडमध्ये घ्या, या विनंतीत) कधीही कोंबू नका. तपासणारी माणसं वेळात वेळ काढून वाचतात, त्यांना एका बैठकीत समजेल एवढंच पाठवा. लोक आपल्या कोडमध्ये वापरतात असं सार्वजनिक नाव काढायचं झालं तर जुनं नाव, ते जाणार आहे अशी सूचना देत, किमान वर्षभर चालू ठेवावं लागतं, कारण कोणाचं तरी संशोधन त्यावर चाललेलं असतं.

पहिल्याच वेळी मेलमॅप फाइलमध्ये (योगदान देणाऱ्यांची नावं आणि ईमेल असलेली) आपलं नाव घाला, नाहीतर आपोआप चालणारी तपासणी लाल होते आणि नवखा उगाच घाबरतो. उत्तर यायला कधी आठवडे लागतात. एकदा नम्रपणे विचारलं तर चालतं. मधेच परीक्षा आल्या तर तसं पुल रिक्वेस्टवर लिहून ठेवा, म्हणजे दुसरं कोणी काम पुढे नेऊ शकेल.