वादळ सरल्यावरचा उकाडा: कपाशी आणि संत्रा सांभाळा

ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं चक्रीवादळ आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळलं, की विदर्भात पोहोचेपर्यंत त्याचा जोर ओसरतो. एक-दोन दिवस पाऊस, मग आभाळ मोकळं आणि अंगाला चिकटणारा उकाडा. आपल्याकडे वारा कमी दाबाच्या केंद्राभोवती घड्याळाच्या उलट फिरतो. केंद्र नागपूरच्या पश्चिमेकडून वर सरकलं, तर मागून दक्षिण-आग्नेयेचा वारा बंगालच्या उपसागराची वाफ आणत राहतो. ढग हटल्याने ऊन थेट भिजलेल्या जमिनीवर पडतं आणि तीही वाफ सोडते. दमट हवेत जमिनीची उष्णता रात्री लवकर निघून जात नाही, म्हणून पहाटेही गारवा नाही. केंद्र छत्तीसगडवरून गेलं, तर उत्तरेचा कोरडा वारा मिळतो आणि उकाडा कमी राहतो. मोकळ्या वावरात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. केंद्र साधारण डाव्या हाताला असतं.

पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडांचं, खरं नुकसान पावसात कमी, पुढच्या उन्हात जास्त होतं. काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही, ती पाणी ओढेनाशी होतात आणि वरून पानं दुपारी पाणी मागतात. भरल्या बोंडांचं हिरवंगार झाड अचानक मान टाकतं. हा आकस्मिक मर. बुरशीचा रोग नव्हे, त्यामुळे नुसत्या बुरशीनाशकाने तो थांबत नाही. आधी उताराकडे चर काढून पाणी बाहेर काढा. मग १० लिटर पाण्यात युरिया २०० ग्रॅम, पांढरा पोटॅश १०० ग्रॅम आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड २५ ग्रॅम मिसळून प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी १५० ते २०० मिली ओतून आळवणी करा. पंपाचं नोझल काढून घेतलं की काम भराभर होतं. पानं लोंबल्यापासून २४ ते ४८ तासांत हे झालं पाहिजे. पाणी तुंबलेलं असताना आळवणी केली, तर औषध वाया जातं.

काटोल, नरखेड, कळमेश्वरच्या संत्रा बागांत आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची) फळं याच सुमारास भरलेली असतात. फायटोफ्थोराची बुरशी मातीच्या शिंतोड्यांनी खालच्या फळांवर चढते. तपकिरी डाग, मग कूज आणि फळगळ. लोंबत्या फांद्यांना बांबूचे टेकू द्या. गळलेली फळं त्याच दिवशी वेचून बागेबाहेर खड्ड्यात पुरा. धुऱ्यावर (बांधावर) फेकलेली फळं रोग परत बागेत आणतात. फवारणीला कॉपर ऑक्सिक्लोराईड ३ ग्रॅम प्रति लिटर पुरे, मात्र तोडणी जवळ असेल तर डब्यावरचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे फवारणी आणि तोडणीत ठेवायचं अंतर, बघूनच.

कापलेलं सोयाबीन ताडपत्रीखाली दाबून ठेवू नका. ऊन निघताच गंजी उघडून पसरा, नाहीतर आतली वाफ दाण्याला कोंब आणते. कापसाची वेचणी दव उडाल्यावरच. ओला कापूस कोरड्यात मिसळला की सगळ्याच मालाचा भाव पडतो.

दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून फवारणारे मास्क आणि अंगावरचे कपडे काढून टाकतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. फवारणी सकाळी दव उडाल्यावर सुरू करून उन्हाआधी थांबवा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालू नका, आणि डोक्यावरून वाढलेल्या पऱ्हाटीत एकट्या माणसाला पाठवू नका.