गाजरगवत, पाऊस आणि माझं वाया गेलेलं वर्ष

पीएच.डी.ला गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, घेतलंय म्हटल्यावर मामानं पहिलं विचारलं, "म्हणजे आता काँग्रेस मरणार का?" नाही मामा, मरणार नाही. ठिकाण बदललं की त्याच्या जनुकांत काही फरक पडतो का, एवढंच बघायचंय. नव्यानं संशोधनाला लागला असाल तर हा प्रश्न तुम्हालाही घरी विचारतील, उत्तर तयार ठेवा.

पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं), अलील (एकाच जनुकाचं वेगळं रूप), एफएसटी (ठिकाणाठिकाणच्या झाडांत जनुकांचा किती फरक आहे त्याचं माप) तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. मी जिथं तोंडावर आपटलो तेवढंच खोलात सांगतो.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा पाऊस या विषयासाठीच पडतो असं मला तेव्हा वाटायचं. गगनबावड्याला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर, शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि सकाळी गाडी काढली तर संध्याकाळपर्यंत दोन्ही बघून घरी. मी गगनबावड्यापासून कळे, कोल्हापूर, हातकणंगले करत शिरोळपर्यंत नऊ ठिकाणं घेतली. प्रत्येक ठिकाणची 20 झाडं, पानं वाळवायला सिलिका जेलच्या पाकिटात. वर्ष गेलं. निकाल मात्र असा सुरेख आला की बस! एका अलीलचं प्रमाण पावसाबरोबर पायरी-पायरीनं चढत होतं. 'पावसाशी जुळवून घेणारं जनुक' असं प्रबंधातल्या प्रकरणाचं नावसुद्धा ठरवून टाकलं.

समितीच्या बैठकीत बाहेरून आलेल्या मॅडमनी आलेख बघितला आणि विचारलं, "हा पाऊस आहे की अंतर?"

मला प्रश्नच कळला नाही. घरी येऊन नकाशा उघडला तेव्हा घाम फुटला. माझ्या रेषेवर पूर्वेला सरकलं की पाऊसही कमी होतो आणि गगनबावड्यापासूनचं अंतरही वाढतं. शेजारशेजारच्या झाडांचा आपसात संकर होतो, त्यामुळं ती एकमेकांसारखी असतात आणि रेषेची दोन टोकं वेगळी दिसतात. त्यासाठी नैसर्गिक निवडीची गरजच नाही. आणि आपल्याकडं नदीही त्याच दिशेनं जाते! कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून पंचगंगा होते, ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. 2019 सारखा महापूर आला की पाण्याबरोबर बियाही खाली शिरोळकडं. म्हणजे बियांची वाट, अंतर आणि पाऊस, तिन्ही एकाच ओळीत उभे. यातला कोण खरा, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही, कारण माहिती गोळा करतानाच मी तिघांची मोट बांधून टाकलेली.

त्यात हे पडलं आक्रमक तण. 1955 च्या सुमारास पुण्यात ते ठळकपणे नजरेत आलं आणि मग सुसाट पसरलं. अशा पसरणाऱ्या गवताच्या पुढच्या फळीत मोजकीच झाडं असतात. त्यांच्यातला एखादा दुर्मीळ अलील नुसत्या योगायोगानं पुढं पुढं जात सगळीकडं होऊन बसतो आणि कागदावर हुबेहूब अनुकूलन, म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेणं, वाटतो.

उपाय सांगतो, लिहून घ्या. रेषा नको, जोड्या घ्या. आंबा-वडगाव, गगनबावडा-कागल, चंदगड-गडहिंग्लज. प्रत्येक जोडीत एक ओलं ठिकाण, एक कोरडं. तीन ओली ठिकाणं एकमेकांपासून लांब, कोरडीही तशीच. तोच अलील तिन्ही जोड्यांत ओल्या बाजूला जास्त दिसला तर तोंड उघडा. माझा एकाच जोडीत टिकला. प्रकरणाचं नाव बदललं.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडवट आहे. सीनियरकडून आलेली तयार आर स्क्रिप्ट (आकडेमोडीच्या 'आर' भाषेतला प्रोग्राम) चालवणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून गाडी चालवणं. स्ट्रक्चर या सॉफ्टवेअरमध्ये डेल्टा-के (नमुन्यांचे किती गट मानायचे ते सुचवणारा आकडा) बघून गट ठरवणारे कितीतरी जण भेटले. ती पद्धत 'एकच गट आहे' हे उत्तर कधी देऊच शकत नाही, हे त्यांच्या गावीही नसतं. आणि गाईड निवडताना नुसते पेपर मोजू नका. माझे सर एकदाही माझ्याबरोबर त्या रस्त्यानं आले नाहीत. आले असते तर उजव्या हाताची नदी त्यांना दिसली असती. अर्थात मलाही दिसत होतीच की.

घाबरू मात्र नका. गाजरगवत फार उदार आहे. उगवल्यावर महिना-दीड महिन्यात फुलतं, ओल असली की वर्षभर मिळतं. देवराईतल्या एखाद्या झाडावर हीच चूक केली असती तर मी अजून बी धरायची वाट बघत बसलो असतो. माझं दुसऱ्यांदा नमुने गोळा करणं पाच महिन्यांत उरकलं.

कुंड्यांचा प्रयोग तेवढा चुकवू नका. गगनबावड्याचं गवत कमरेएवढं, शिरोळचं गुडघ्याएवढं. सगळ्यांना वाटायचं, जातच वेगळी. दोन्हीकडचं बी एकाच मातीत, सारख्या पाण्यावर लावलं तर दुसऱ्या पिढीत उंची जवळजवळ सारखी. पहिली पिढी मोजू नका, बियांत आईच्या पोसण्याचा असर राहतो. आणि दुसरी पिढी घ्यायची तर फुलोऱ्याला बारीक जाळीच्या पिशव्या बांधा. एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया सहज येतात, शेजारचे शेतकरी शिव्या घालतील आणि ते बरोबरच असेल.

हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट पहिल्या दिवसापासून. मी उन्हाळ्यात बाह्या दुमडून पानं तोडली होती. मनगटावर उठलेलं ते पुरळ आता नुसतं गवताजवळनं गेलो तरी येतं, आणि गवत तर आमच्या दारातच आहे.