हँडब्रेक सोडूनही न विझणारा ब्रेकचा दिवा: माझा अनुभव

माझ्या जुन्या पिकअपचा ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक पूर्ण सोडल्यावरही कधीकधी विझत नसे आणि वळणावर हमखास पेटे. ब्रेक ऑइल कमी झाले तरी हाच दिवा पेटतो, म्हणून ते पाहिले, तर त्याची पातळी टाकीवरच्या खालच्या खुणेला टेकली होती. पण नुसते ऑइल ओतून मोकळे होणे मला धोक्याचे वाटले, कारण पॅड (चाकाची डिस्क दाबून धरणारे ब्रेकचे तुकडे) झिजले की कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन बाहेर सरकतो आणि तेवढे ऑइल टाकीतून खाली उतरते. चाके काढली, तेव्हा गळती कुठेच नव्हती, मात्र पुढचे पॅड जेमतेम २ मिलिमीटर उरले होते. नवे पॅड बसवण्यासाठी पिस्टन मागे दाबताच पातळी आपोआप वर आली. तरीही दिवा अधूनमधून लुकलुकत राहिला. हँडब्रेकखालच्या स्विचची वायर काढताच तो विझला. स्विचचे बटण चिकट मळाने अडकत होते. ते स्वच्छ करून वायर पुन्हा जोडली, आणि हँडब्रेक ओढल्यावर दिवा पेटतो याचीही खात्री करून घेतली.