एफआर-एसचा मूळ एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) ठेवा, आवाज तरीही मिळतो

माझ्याकडे २०१३ची सायन एफआर-एस आहे, सायन हा टोयोटाचाच ब्रँड. उत्तर अमेरिकेबाहेर हीच गाडी टोयोटा ८६ किंवा जीटी८६ नावाने विकली गेली, आणि सुबारूकडे हिची जुळी बहीण बीआरझेड. इथे सॅन होजेत ही गाडी सेकंडहँड घेतलेली आपली मुलं मला पहिला प्रश्न हाच विचारतात: दादा, डबा काढून कोन फिल्टर (शंकूसारखा उघडा फिल्टर) कुठला टाकू? माझं उत्तर ठरलेलं आहे. कुठलाच नको. मूळ डबा ठेवा, आणि डब्याच्या पुढचं-मागचं सुधारा.

आधी हिशेब बघा. इंजिन दोन लिटरचं, चार-स्ट्रोक. म्हणजे दोन फेऱ्यांत दोन लिटर, एका फेरीला साधारण एक लिटर हवा. ७,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ७,००० फेऱ्या होताना, मिनिटाला सुमारे ७,००० लिटर, सेकंदाला ११५ लिटरच्या आसपास. टोयोटा-सुबारूच्या इंजिनिअरांनी मूळ डबा एवढी हवा आरामात देईल असाच बनवला आहे, त्याचं तोंड रेडिएटरच्या वर, ग्रिलच्या मागे आहे आणि तो बाहेरची थंड हवा घेतो. उघडा कोन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा दहा अंश सेल्सिअसने तापली की घनता सुमारे ३ टक्क्यांनी उतरते, आणि तेवढी ताकद गेली. सिग्नलला उभ्या गाडीत बॉनेटखाली किती तापतं ते हात घालून बघा, मग कोनवर पैसे घालायचे की नाही ते ठरवा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. फिल्टरनंतर लगेच, डब्याच्या झाकणाच्या तोंडाशी मास एअर फ्लो सेन्सर आहे. आपण त्याला मॅफ म्हणतो. त्याची तापलेली तार जाणाऱ्या हवेने किती थंड होते त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, हवा मोजतो, आणि त्या मोजणीत नळीचा व्यास गृहीत धरलेला असतो. व्यास बदलला किंवा सेन्सरपाशी हवा भोवऱ्यात फिरायला लागली, की मोजणी चुकते आणि पेट्रोलचं प्रमाणही चुकतं. म्हणून ट्यून न करता, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रामिंग न बदलता, मॅफ ज्या नळीत बसतो तो भाग बदलायचा नाही. मॅफच्या पुढची, थ्रॉटल बॉडीकडे (पेडल दाबल्यावर उघडणाऱ्या झडपेकडे) जाणारी नळी मात्र बदलता येते, कारण तिथली हवा मोजून झालेली असते.

आवाजाचा सगळा खेळ त्या नळीतच आहे. चार सिलेंडरचं इंजिन एका फेरीत दोनदा हवा ओढतं. ४,००० आरपीएमला सेकंदाला सुमारे १३३ ठोके, ७,०००ला २३३. कंपनीने नळीच्या कडेला बंद पोकळ्या बसवल्या आहेत, त्यांना रेझोनेटर म्हणतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की तिचा एक ठरावीक सूर निघतो. रेझोनेटरलाही असाच आपला सूर असतो, आणि नळीतला तोच सूर तो गिळून टाकतो. पोकळ्या नसलेली, आतून गुळगुळीत सिलिकॉनची नळी टाकली की दाबलेला आवाज मोकळा होतो. मला हा आवाज एक्झॉस्टच्या आवाजापेक्षा कितीतरी जास्त आवडतो, कारण तो फक्त पाय दाबल्यावर येतो. थ्रॉटलची झडप मिटलेली असते तेव्हा ती आवाज अडवते. रात्री अकराला गल्लीत शिरताना शेजारी उठत नाहीत, आणि स्कायलाइन बुलेवार्डच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण गुरगुर ऐकू येते.

मूळ नळीला आणखी एक फाटा असतो, तो फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतून, केबिनकडे जातो. हा साउंड क्रिएटर. आतला पडदा हवेच्या ठोक्यांनी थरथरतो आणि आवाज आत पोचवतो. बरेच जण तो काढतात. मी ठेवायला सांगेन. तो स्पीकरमधून वाजवलेला नाही, इंजिनचा खरा आवाज आहे. नवीन नळी घेताना त्या फाट्याची जागा असलेलीच निवडा. काढणारच असाल तर फायरवॉलचं भोक रबरी बुचाने नीट बंद करा, नाहीतर बॉनेटखालचा वास केबिनमध्ये येईल.

कॅलिफोर्नियात असाल तर खरेदीआधी एक काम. नळीला कार्बचा (कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर, म्हणजे मंजुरीचा नंबर, आहे का ते बघा, आणि त्याचं स्टिकर बॉनेटखाली चिकटवा. एवढ्या जुन्या गाडीची दर दोन वर्षांनी स्मॉग (प्रदूषण) तपासणी होते आणि तिथला माणूस इंजिन डोळ्यांनीही तपासतो. नंबर नसलेली नळी दिसली की गाडी नापास. नंबर मिळाला नाही तर मूळ नळीच राहू द्या, फक्त फिल्टर बदला आणि पुढे सांगितलेली सीलची कामं करा.

आता हत्यारं. १० मिमीचा सॉकेट, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, स्वच्छ फडकं, मॅफ क्लीनरचा स्प्रे आणि एक स्वस्त ओबीडी रीडर (ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र). इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. सगळ्यात आधी फोटो काढून ठेवा, कुठली होज कुठे होती ते नंतर आठवत नाही. मॅफचं कनेक्टर कुलूप दाबून काढा, तारेला धरून ओढू नका. दोन्ही टोकांचे क्लॅम्प सैल करा, ब्रीदर होज (इंजिनमधली वाफ नळीत आणणारी छोटी होज) आणि साउंड क्रिएटरचा फाटा सोडवा, नळी बाहेर घ्या. थ्रॉटल बॉडीच्या उघड्या तोंडात लगेच फडकं कोंबा. तिथे पडलेला एक स्क्रू इंजिनची वाट लावू शकतो.

आता डबा उघडून फिल्टर बघा. मला कागदाचा मूळ फिल्टरच पसंत आहे, तो धूळ छान अडवतो. तेल लावायचा कापडी फिल्टर हवा असेल तर तेल अगदी थोडं लावा, जास्तीचं उडून मॅफच्या तारेवर बसतं. मॅफ बाहेर काढून क्लीनर मारा, तारेला बोट किंवा ब्रश लावू नका, पूर्ण वाळल्यावरच बसवा. मग डब्याचं पुढचं तोंड बघा. तिथला फोम दबून किंवा तुटून फट पडली असेल तर बाजारात मिळणारी फोमची पट्टी लावा, म्हणजे गरम हवा शिरणार नाही. या कामाला जवळजवळ पैसेच लागत नाहीत, आणि मला वाटतं सगळ्यांत जास्त फायदा यातच आहे.

नवीन नळी बसवताना ती दोन्ही तोंडांच्या उंचवट्यामागे पूर्ण गेली पाहिजे. क्लॅम्प उंचवट्यावर नको, त्याच्या मागे हवा. घट्ट करा, पण सिलिकॉन फुगून बाहेर येईल इतकं नाही. होज जागेवर, फडकं बाहेर, कनेक्टर खट्कन लागलं याची खात्री, शेवटी बॅटरी. दहा मिनिटं आयडलवर चालू द्या, म्हणजे बॅटरी काढल्याने पुसलेली मोजमापं ईसीयू परत शिकायला लागतो.

मग ओबीडी लावून शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम वाचा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्क्यांनी वाढवतो-घटवतो ते कळतं. आयडलला आणि सरळ वेगात ±५ टक्क्यांच्या आत असतील तर काम नीट झालं. आयडलला +१० च्या वर जात असेल आणि आरपीएम वाढवल्यावर उतरत असेल तर मॅफनंतर कुठेतरी हवा गळते आहे, क्लॅम्प आणि ब्रीदर होज आधी तपासा. इनटेक टेम्परेचर बघा: चालत्या गाडीत ते बाहेरच्या तापमानाच्या जवळ राहिलं पाहिजे.

ताकदीबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. ट्यूनशिवाय नळीने मिळणारी वाढ डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) दोन रनमधल्या फरकात हरवून जाईल. ३,५०० ते ४,५०० आरपीएममधली टॉर्कची खळगी नळीने भरत नाही, त्यासाठी हेडर (इंजिनला जोडलेला एक्झॉस्टचा पहिला भाग) आणि ट्यून हवं. पैसे आवाजासाठी घाला आणि आवाजासाठीच खूश व्हा.

दोन-तीनशे मैलांनंतर इंजिन थंड असताना क्लॅम्प परत एकदा आवळा, उष्णतेने सिलिकॉन थोडं बसतं. मूळ नळी साफ करून गॅरेजमध्ये जपून ठेवा, गाडी विकताना तिला किंमत येते.