कन्हानच्या रेतीतली पावलं: काळ्या-पांढऱ्या फोटोत खड्डा खड्डाच कसा दिसेल

फ्रान्समधल्या आर्ल गावच्या ल्युसियाँ क्लेर्ग या फोटोग्राफरनं १९७९ साली विद्यापीठाला डॉक्टरेटचा प्रबंध दिला. त्यात लेखन नव्हतंच, नुसते काळे-पांढरे फोटो होते, भूमध्य समुद्राकाठच्या वाळूवर उमटलेल्या खुणांचे. हे वाचलं त्याच उन्हाळ्यात मी माझा निकॉन घेऊन कामठीजवळ कन्हानच्या पात्रात उतरले. समुद्र नाही आपल्याकडे, पण रेती भरपूर आहे. आणि इथं लाट येऊन पाऊल पुसत नाही.

मे महिन्यात नागपुरात सूर्य साडेपाच-पावणेसहाला उगवतो. त्यानंतरचा पाऊण तास आपला. ऊन तिरपं असतं तोवरच पावलात सावली साचते. सातनंतर पाऊल सपाट दिसतं, घरी यावं.

जागा निवडताना ओल्या-सुक्याच्या मधला पट्टा धरा. कोरडी रेती कड धरत नाही, टाच उचलली की ढासळते. पाण्यापासून चार-पाच हातांवर ती दमट असते, तिथं पाचही बोटं वेगळी उमटतात. डांगरवाडीवाले, म्हणजे नदीच्या रेतीत वेलांची वाडी करणारे, पहाटे वेलांना पाणी द्यायला डबे भरून नेतात. जाताना टाच खोल रुतते, रिकाम्या हातानं परतताना उथळ. एकाच माणसाची ही दोन पावलं शेजारी-शेजारी सापडली तर आधी तोच फोटो घ्या. मात्र वाडीत शिरण्याआधी "भाऊ, येऊ का?" एवढं विचारायचंच. रेती उपसून झालेल्या खड्ड्यांत पाणी साचलेलं असतं, त्यांच्या काठाला जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट. माझा पहिला प्रिंट आईला दाखवला तर ती म्हणाली, "रेतीतून हे काय फुगून वर आलं?" पाऊल खरंच उंचवट्यासारखं दिसत होतं. मी सूर्याकडे पाठ करून फोटो काढला होता. उजेड वरून येतो असं आपली नजर धरूनच चालते. फोटोत तो खालून आला की खड्ड्याचा उंचवटा होतो. प्रिंट उलटा धरला आणि पाऊल लगेच आत गेलं. तेव्हापासून मी सूर्याकडे तोंड करून उभी राहते आणि कॅमेरा खाली झुकवते. आपली सावलीही मागे पडते. फक्त लेन्सवर ऊन येऊ नये म्हणून वरून हाताचा आडोसा धरा.

रेती चमकते म्हणून कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर फसतं आणि फोटो मळकट करडा येतो. अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मोबाइलवर बोट दाबून धरून उजेड थोडा वर सरकवा. फिल्म असेल तर नारिंगी फिल्टर लावा: सावलीत निळ्या आकाशाचा उजेड असतो, तो अडला की सावली गडद होते. मोबाइलचा फोटो रंगीतच काढा, मग काळा-पांढरा करताना निळा रंग खाली आणा.

लेन्सवर रेतीचा कण बसला तर पुसू नका, ओरखडा पडतो. रबरी पंपानं फुंका.

प्रिंट दहा बाय बारा इंचांचा काढा. मोठ्या माणसाचं पाऊल त्यात जवळपास खऱ्या मापाचं बसतं. आणि भिंतीवर लावताना खोलीतली ट्यूबलाइट फोटोच्या वरच्या बाजूला येईल अशी जागा बघा.